ज्यानं बसवलं त्यानं सोडायचं

माझे वडील कुत्रा बसवून विसरून आले. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले, आणि लिहिल्यावरही ते खोटंच वाटतंय. सूर्य आज चुकून पश्चिमेला उगवला असं कुणी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, उगवला असेल बाबा, त्याचंही वय झालंय. पण मास्तर कुत्रा विसरले? शक्यच नाही.

मास्तर म्हणजे माझे वडील. ओळखीतले सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते फारसे शिकलेही नाहीत. ते होते रेल्वेच्या फाटकावर. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं, हे काम त्यांनी अठरा वर्षं केलं. फाटकाशेजारच्या खोलीत एक स्टूल, एक टेलिफोन, एक कंदील, दोन झेंडे आणि कायम एखादं भटकं कुत्रं. त्यातलं पहिलं कुत्रं गाडीच्या चाकांवर भुंकत रुळापर्यंत धावायचं. ते कापलं जाऊ नये म्हणून मास्तरांनी त्याला शिकवलं, की फाटक खाली तर बूड खाली. फाटक वर गेलं की मास्तर म्हणायचे, "मोकळा!" आणि ते उठायचं. फाटकाशी खोळंबलेली माणसं गाडीकडे बघायची सोडून कुत्र्याकडे बघत राहायची. पुढं तिथं पूल झाला, फाटक गेलं, आणि मास्तरांनी लाकडाच्या वखारीमागचं पटांगण भाड्यानं घेऊन कुत्र्यांची शाळा काढली.

या शाळेत 'थांब' हा शब्द नव्हता. 'बस' होता, 'मोकळा' होता, 'ये', 'सोड', 'जवळ' होते. 'थांब' नाही.

"मास्तर, 'थांब' कधी शिकवणार?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांचा पांढरा, लोकरीच्या गुंड्यासारखा कुत्रा त्यांच्या चपलेचा बंद चावत होता. "बाकीच्या ठिकाणी आधी 'बस' आणि मग 'थांब' असं वेगळं शिकवतात म्हणे."

मास्तरांनी हातातला पट्टा खांद्यावर टाकला. ही खूण मला ठाऊक होती. आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

"बाई, तुम्ही पेशंटला 'आ करा' म्हणता. मग 'आता आ केलेलंच ठेवा' असं वेगळं सांगता का?"

"सांगते की," बाई म्हणाल्या. "दर दोन मिनिटांनी सांगते."

पटांगणातले सगळे हसले. मास्तरही हसले असते, पण प्रश्न तत्त्वाचा होता.

"माणसं तसलीच. कुत्रं तसं नसतं. मी फाटक पाडलं की ते पडलेलं. त्याला दर मिनिटाला 'पडून राहा रे' असं म्हणत नव्हतो मी. 'बस' म्हणजे मी सोडेपर्यंत बस. तेवढ्यासाठी आणखी एक शब्द कशाला? दुसरा शब्द आला की पहिला पातळ होतो. मग कुत्र्याला वाटतं, नुसतं 'बस' म्हणाले म्हणजे जरा टेकून उठायची सवलत आहे." मग त्यांनी बोट वर केलं. "पण मग जबाबदारी आपली. ज्यानं बसवलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या कुणी नाही. बसवून तुम्ही गप्पा मारत बसलात, आणि कंटाळून ते आपलं आपण उठलं, तर चूक तुमची. ज्याला एवढी आठवण राहत नाही त्यानं कुत्रं पाळूच नये. कासव पाळावं."

हे कासव गेली वीस वर्षं मी ऐकत आले आहे.

या शाळेतली दुसरी मास्तरीण मी. आणि या एका मुद्द्यावर आमचं बापलेकीचं कधी पटलं नाही. मी दुसऱ्या शहरात जाऊन सहा आठवड्यांचं रीतसर शिक्षण घेऊन आले, आणि येताना 'थांब' घेऊन आले. मास्तरांनी त्या शब्दाकडे असं बघितलं, की जणू मी न विचारता घरजावई आणलाय. माझं म्हणणं साधं होतं. कुत्र्याला तो शब्द लागत नाही हे मला मान्य. लागतो तो माणसाला. 'बस' माणूस येताजाता म्हणतो, आणि म्हटल्याचं त्याला भान नसतं. पण तळहात पुढं करून 'थांब' म्हटलं, की म्हणणाऱ्याच्या डोक्यात एक खिळा ठोकला जातो, की मी कुणाला तरी थांबवलंय, मला परत जायचंय.

"म्हणजे तो शब्द कुत्र्यासाठी नाही, विसराळू माणसासाठी," मास्तर म्हणायचे.

"हो. माणसं विसराळू असतात."

"मी नाही."

आणि ते खरंच नव्हते. वीस वर्षांत आलेल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव, खोड आणि डावं-उजवं त्यांना पाठ होतं. ते खरंच नव्हते, म्हणून तर माझी बोलती बंद व्हायची. आई मध्ये पडायची आणि म्हणायची, "आधी जेवायला बसा दोघं. कुणी कुणाला थांबवायचं ते नंतर बघा."

आता कारकुनाबद्दल. कारकून हा मास्तरांचा स्वतःचा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. पुलाखाली सापडला तेव्हा ओंजळीत मावायचा. बसायला शिकल्यावर तो असा ताठ आणि असा निर्विकार बसू लागला, की समोर फक्त टेबल नव्हतं, बाकी चेहऱ्यावर 'साहेब रजेवर आहेत, उद्या या' स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणून कारकून. नवीन लोकांना 'बस' म्हणजे काय ते दाखवायला मास्तर त्यालाच पुढं करायचे.

शाळेत माझं एक खास काम होतं. भुलवायचं. कुत्री रांगेत बसलेली असायची, मास्तर लाकडांच्या थप्पीमागं दिसेनासे व्हायचे, आणि मी यायचे. प्रत्येकाला नावानं, गोड, लाडीक आवाजात हाका मारायचे. कधी बिस्किटाचा पुडा वाजवायचे, कधी दार उघडून "चल, घरी जाऊ" म्हणायचे, कधी चक्क रडायचे. जो उठला तो नापास. बसलेल्या कुत्र्यानं उठायचं नाही आणि भुंकायचंही नाही. कारकून सात वर्षांत एकदाही उठला नाही. माझ्या हाकेला न उठणं हीच त्याची पदवी. त्याचा मला केवढा अभिमान होता! लोकांना सांगत फिरायचे, की मी गळा काढून रडले तरी हा पठ्ठ्या ढिम्म.

शेवटची परीक्षा फरश्यांच्या गोदामात व्हायची. गोदाम मास्तरांच्या मित्राचं, फरशीवाल्या काकांचं. तिथं जमीन गुळगुळीत, आवाज घुमणारा, वास अनोळखी. तिथं जो बसला तो कुठंही बसेल, असं मास्तर म्हणायचे. गोदामाची एक चावी काकांकडे असायची आणि एक मास्तरांकडे.

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तर घरी आले. हातात रिकामा पट्टा होता. त्यांनी तो खुंटीला लावला, हातपाय धुतले, वर्तमानपत्र घेतलं. तासाभरानं त्यांनी मला विचारलं, "कारकून कुठाय?"

"कुठाय म्हणजे? तुमच्याबरोबर होता ना?"

मास्तरांनी खुंटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग अगदी सरळ, नेहमीच्या ठाम आवाजात त्यांनी सांगितलं, "मैदानावरून येताना मोटारीचा टायर फुटला. तो बिचकला. माझ्या हातून पट्टा सुटला."

टायर फुटला होता हे खरं होतं. पण शुक्रवारी. कारकून बिचकलाही होता, आणि दोन पावलांवर जाऊन बसला होता. हे सगळं शुक्रवारी त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. आणि शनिवारी मी तेच पुन्हा ऐकलं आणि म्हटलं, "बाई गं, पुन्हा टायर फुटला?" आणि चपला घालून धावत सुटले. पट्टा सुटला, तर तो यांच्या हातात कसा आला? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मास्तर सांगताहेत म्हणजे तसंच असणार. मला अजून धक्का कशाचा बसतो, तर याचा.

आई मात्र दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "त्यांनाच नीट विचार गं. कुठंतरी बसवून आले असतील."

"बाबा? बसवून विसरतील?" मी ओरडले. "आई, काहीतरीच काय बोलतेस!"

आई आत गेली. तिनं नंतर सांगितलं, की दोन महिने ती त्यांच्या मागं मागं फिरून गॅस बंद करत होती. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तू असंच ओरडली असतीस."

आम्ही वाटून शोधलं. मैदानाची आणि पुलाची बाजू मास्तरांनी घेतली, बाजाराची मी. हाका मारून मारून मास्तरांचा घसा इतका बसला, की रविवारी तो फक्त खरखरत होता. जेवले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्याच्या काचेवर कारकुनाचा फोटो लावला. बाजाराकडून येताना गोदाम वाटेतच लागतं. शटर खाली होतं, कुलूप होतं, काका तीन दिवसांसाठी बहिणीकडे गेले होते. शनिवारी संध्याकाळी मी त्या शटरपाशी उभी राहून हाका मारल्या. आतून काही आवाज नाही. रविवारी दुपारी पुन्हा तिथंच उभी राहिले आणि चांगल्या दहा-बारा हाका मारल्या. गोड आवाजात. लाडीक. शेवटी मला खरोखर रडू आलं, आणि रडत रडत मी म्हटलं, "कारकुना, चल रे, घरी जाऊ."

आत तो ऐकत होता. ही बाई आपल्याला उठवायला बघतेय, उठायचं नाही, हे त्याला सात वर्षं मीच शिकवलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा काखेतून बोलला नाही, कारण त्याला न बोलण्याचं शिक्षण आम्हीच दिलेलं.

सोमवारी सकाळी आठला फरशीवाल्या काकांचा फोन आला. "अगं, तुमचा कारकून माझ्या गोदामात काय करतोय? शटर उघडलं तर समोर बसलेला. बाहेर ये म्हणतोय तर येत नाही."

मी मास्तरांना एवढंच म्हटलं, "सापडला." ते अनवाणीच निघाले. मी मागून चपला घेऊन धावले.

शटर वर होतं आणि सकाळचं ऊन आतपर्यंत पडलं होतं. मधोमध, रिकाम्या पोत्यावर, कारकून बसला होता. ताठ. एक कान उभा, एक पडलेला. बरगड्या दिसत होत्या, नाकाला पांढरी भुकटी लागली होती. सगळ्या जमिनीवर फरश्या कापल्याची ती भुकटी पसरलेली, आणि तिच्यात पावलं उमटलेली. मी ती पावलं बघत गेले. पोत्यापासून एक वाट कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे गेली होती, आणि परत पोत्याकडे आली होती. दुसरी वाट मागच्या भिंतीशी गेली होती. तिथं त्यानं घाण केली होती. ती वाटही परत पोत्याकडे आली होती. शटरकडे मात्र एकही पाऊल गेलं नव्हतं. शेहेचाळीस तास. तहान लागली म्हणून उठला, पाणी प्यायला, आणि कुणी बघत नसताना परत येऊन आपल्या जागेवर बसला. हे कुठल्या शब्दानं होतं? 'बस'नं? 'थांब'नं? मला शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं.

मास्तर उंबऱ्याशी पोचले आणि एकदम थबकले. मला वाटलं, दम लागला. पण ते थांबले होते सवयीनं. बसलेल्या कुत्र्याजवळ धावत जायचं नसतं.

"याला इथं कुणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे.

"मास्तर," काका म्हणाले, "दुसरी चावी तर तुमच्या..."

मी काकांचा दंड इतका जोरात दाबला, की ते कळवळले.

"कुणी बसवलं विचारतोय मी!" मास्तरांचा बसलेला घसा फाटला. "दोन दिवस! कुणी हलकटपणा केला हा? बोलवा त्याला. आत्ताच्या आत्ता बोलवा, त्याला सोडू दे."

"बाबा, तुम्हीच सोडा ना," मी म्हटलं. "त्याची दशा बघा."

"मी कसा सोडू? मी बसवलेला नाही. मी सोडला तर त्याचा शब्दावरचा विश्वास जाईल. इतकी वर्षं काय शिकलीस तू?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. लाजही नव्हती, भीतीही नव्हती. नुसता संताप, आणि तो अगदी खरा. तोपर्यंत मला वाटत होतं, विसरले असतील, आता बघितल्यावर आठवेल. त्यांना काहीच आठवत नव्हतं. शनिवारची सकाळ त्यांच्या डोक्यात नव्हतीच.

मग मी जे सुचलं ते केलं. "मी बसवलं," मी म्हटलं.

मास्तर वळले. त्यांनी आयुष्यात माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. तेव्हाही उगारला नाही, पण उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथंच राहिला.

"तू?"

"हो. शनिवारी. आणि विसरले."

"विसरलीस." ते इतकं हळू म्हणाले, की ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझी मुलगी असून विसरलीस. आणि दोन दिवस माझ्याबरोबर शोधत फिरलीस? उद्यापासून पटांगणात पाऊल टाकायचं नाही. पट्टा हातात धरायची तुझी लायकी नाही." काका मध्ये काही बोलायला गेले, त्यांना त्यांनी हातानंच गप्प केलं. "सोड त्याला. सोड आधी."

मी पुढं झाले. "कारकून, मोकळा!"

कारकून हलला नाही.

"नीट म्हण."

"मोकळा! कारकून, मोकळा!"

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तो बघत होता मास्तरांकडे. मास्तर जरा डावीकडे सरकले, तर त्याचं डोकं डावीकडे वळलं. शेपटीचं टोक भुकटीत हळूहळू इकडून तिकडे जात होतं. त्या टोकानं भुकटीत एक लहानसा पंखा काढला होता.

मास्तर ते बघत राहिले. कुत्रा कुणाकडे बघतोय आणि का बघतोय, हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी खोटं बोलू शकले. तो बोलू शकत नव्हता. मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. आधी राग गेला. मग बराच वेळ चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मग ओठ दोनदा हलले आणि आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा निघाला.

"मोकळा," मास्तर म्हणाले.

कारकून उठला. मागचे पाय आखडले होते, गुळगुळीत जमिनीवर ते सरकले, तो एकदा पडला, पुन्हा उठला, आणि येऊन सगळं अंग त्यानं मास्तरांच्या गुडघ्यांवर टाकलं. मास्तरांनी त्याला कुरवाळलं नाही. त्यांचे दोन्ही हात तसेच खाली लोंबत होते. काकांनी स्टूल आणून दिलं, त्यावर ते बसले.

"आज वार कुठला?"

"सोमवार."

त्यांनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. पुन्हा मोजली. काका पाणी आणायला म्हणून आत गेले, आणि बराच वेळ आतच राहिले. मला वाटलं, आता बाबा मला म्हणतील, की तू खोटं का बोललीस. किंवा म्हणतील, तुझं खरं होतं, 'थांब' हवा होता. वीस वर्षं मला हा वाद जिंकायचा होता, आणि त्या क्षणी मी देवाला म्हणत होते, तेवढं एक म्हणू देऊ नकोस.

ते तसलं काही म्हणाले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्यांचं धरायचे तसं, घट्ट.

"खरं सांग," ते म्हणाले. "आणखी कुणाला बसवून आलोय का गं मी कुठं?"

"नाही बाबा," मी लगेच म्हटलं. "कुणालाच नाही."

पण मला खात्री नव्हती. महिनाभरापूर्वी डॉक्टरीणबाईंचा कुत्रा पटांगणातल्या नळामागं एकटाच बसलेला मला दिसला होता, आणि परीक्षा चालू असेल म्हणून मी पुढं गेले होते. त्याला कुणी सोडलं, मला माहीत नव्हतं. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते स्टुलावरून उठले. कारकुनाला खायला घालायचं काकांना सांगून आम्ही निघालो. वखारीमागं बघितलं, पुलाखाली बघितलं, मैदानाच्या चारही कोपऱ्यांत बघितलं. जिथं जिथं त्यांनी गेल्या वीस वर्षांत कुणाला बसवलं होतं, तिथं तिथं जाऊन मास्तर खरखरत्या आवाजात एकदा म्हणत, "मोकळा." कुणी उठत नव्हतं. मग आम्ही पुढं जात होतो.